आजोळचा पाळणा

“...मग सागवानी घेऊ का शिसवी, बुवा?”

नदीकाठच्या मठात सकाळची आरती आटोपली होती. भैरूबुवा घोंगडीवर बसून शेंगा फोडत होते. विचारणारे सर्जेराव खुर्चीवर होते. मठात खुर्ची एकच, आणि तीही त्यांनीच दिलेली. गुडघे दुखतात म्हणून दिली, असं ते सांगत. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं, हे अख्ख्या मठाला ठाऊक होतं.

“काय घेतोस?”

“पाळणा हो, नातवाचा. आमच्यात पहिल्या नातवाचा पाळणा आजोळचा असतो. आता आमच्या घरचा पाळणा म्हटल्यावर गावानं बघत राहायला पाहिजे.”

“बाळाची खोली करत होतास. झाली?”

“झाली की!” सर्जेरावांचा चेहरा खुलला. “फरशी नवी घातली. भिंतीला फिका पिवळा रंग. बाळाला लागू नये म्हणून कपाटाच्या कडा गोल करून घेतल्या. आमच्या वैजूला पाजायला बसता यावं म्हणून आरामखुर्ची केली. पाळणा तेवढा मनासारखा मिळत नाही. दोनदा आला, दोनदा परत धाडला.”

“लेक बाळंतपणाला आली होती?”

सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आणायला जाणारच होतो. पण तेव्हा खोलीचं काम चाललं होतं. सगळीकडं धूळ...”

“मग?”

“बाळंत झाली तिकडंच. जावई एसटीत कंडक्टर. दोन खोल्यांचं बिऱ्हाड.” दोन खोल्या म्हणताना दाताखाली खडा आल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

“बारशाला तरी गेलास ना?”

“बारशाला मोकळ्या हातानं कसा जाणार, बुवा? आजोळच्या माणसानं पाळणा न्यायचा असतो. सुतारानं वेळेवर दिला नाही. शेजारणीचा पाळणा मागून आणला म्हणे त्यांनी. त्यातच पोराला घातलं.”

नडला होता तो सुतार नव्हे. नाक नडलं होतं.

“इंदू काय म्हणाली?”

बायकोचं नाव ऐकून सर्जेरावांनी मान खाली घातली.

“म्हणत होती, माळ्यावरचा वैजूचाच पाळणा पुसून नेऊ या. मी ओरडलो. जुना पाळणा दिला म्हणून लोक हसतील, म्हटलं. तिनं दुपटं शिवून ठेवलं होतं. रोज घडी मोडायची, रोज घालायची... पावसाळ्यात गेली ती. नातू न बघताच गेली.”

“वैजू आली असेल.”

“मातीला आली. पोर शेजारणीकडं ठेवून आली होती. मी तिला म्हटलं, ये, खोली बघ तरी. ती दारातनंच मागं फिरली.”

वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच. पण बुवा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी टरफलं गोळा केली.

“केवढा झालाय नातू?”

सर्जेरावांनी तान्हं मूल धरावं तसे दोन्ही हात पुढं केले.

“ही तान्ही वैजू झाली. नातू केवढा?”

हात तसेच राहिले...

“पाऊल टाकत असेल आता,” बुवा म्हणाले. “जमिनीपासून दाखव.”

सर्जेराव खुर्चीतून वाकले. हात पोचेना. पुढं सरकले, तरी पोचेना. शेवटी ते उठले आणि जमिनीवर बसले. त्या मठात त्यांना खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी तळहात आडवा धरला आणि वर नेला. मग थोडा खाली आणला. पुन्हा वर नेला. कुठं थांबवायचा तेच त्यांना कळेना. सर्जेराव लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

बुवांनी त्यांना रडू दिलं. मग उठून खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून ठेवली.

बऱ्याच वेळानं सर्जेरावांनी टोपीनंच डोळे पुसले.

“आता गेलो तर दार उघडेल का ती?”

“ते तिलाच ठाऊक.”

“इंदूनं शिवलेलं दुपटं नेऊ?”

“ने.”

“लहान होईल आता त्याला.”

“होऊ दे.”

“आणि पाळणा, बुवा?”

सर्जेराव उठू लागले. बुवांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

“पाळणा राहू दे. एवढ्याच उंचीनं जा.”