वेदीवरची कडी

पाव्हणं, फोटू मागनं काढा. आधी चर्चची ही चौकट बघा. बिजागऱ्या हायत, पार गंजल्यात, पण दार न्हाई. आता आत या. वेदीवरचं कापड जरा वर करा. कडी दिसली? तेच दार हाय ते. आता ऐका, आन् मधी बोलू नका.

लई जुनी गोष्ट. आमच्या बोरटेकला सलोमी नावाची बाई व्हती म्हणे. नवरा मेलेला, एकच पोर. ते तापानं फणफणलं. तिनं वेशीवरच्या मरीआईला कोंबडी दिली आन् पोर वाचलं. पण तवाचे फादर अँब्रोज लई कडक, असं सांगत्यात. त्यांनी भर मिस्सेत, म्हंजी रविवारच्या उपासनेत, तिला उभं केलं.

"पाप झालं म्हण. परत मरीआईकडे जाणार नाही म्हण."

"पाप झालं म्हणते. पण पोर परत तापलं तर जाईन."

"मग उंबऱ्याबाहेर राहा. प्रभूची भाकर तुला मिळणार नाही."

बाहेर तर बाहेर. दर रविवारी पोर कडेवर घिऊन ती दाराबाहेर उन्हात उभी. आतली निम्मी सावलीला पेंगायची, आन् ही बाहेरनं परत्येक प्रार्थनेला जबाब द्यायची. बाया टोमणे मारायच्या, "सलोमे, कोंबडी बी आन् येशू बी? दोन्ही हातांत लाडू का गं?"

"एका हातात पोर हाय माझ्या," ती म्हणायची.

पण आत भाकर वाटाय लागली की पदर तोंडात कोंबून रडायची म्हणे. बाकी कशाचं न्हाई, तेवढ्याचंच तिला दुःख.

ईस्टर आला. फादर दारात आले. "सलोमी, आज तरी हट्ट सोड. पोर तापलं तेव्हा आधी इथं का आली नाहीस?"

"आले व्हते, फादर. भर दुपारी. दार वाजवलं. आतनं तुम्हीच वरडला, 'चार वाजता ये.' पोराचं डोळं फिरलं व्हतं. मरीआईच्या देवळाला दारच न्हाई."

फादरला ती दुपार आठवली. मग पहार मागवली, सोताच्या हातानं दार उपसलं आन् उंबऱ्यावर दोन दगडांवर आडवं टाकलं. सगळ्या गावादेखत सलोमीपुढं गुडघं टेकलं.

"आता जाशील का तिकडं?"

"आता कशाला जाऊ?"

मिस्सा तिथंच झाली, त्या दारावर. पयली भाकर सलोमीला.

परवा एक शिकलेला म्हणला, काचेचं दार लावू, आत एसी बसवू. मी म्हणलो, तुझा एसी घाल चुलीत! कुत्री शिरत्यात, पावसाची झड वेदीपतुर येती. येऊ दे की. रजिस्टर लग्न केलेल्या पोरांना भाकर मिळत न्हाई, ती बाहेर मोटारसायकलवर बसून ऱ्हात्यात, लाजत्यात. त्यांना बी मिस्सा ऐकू जाती.

आन् आजही ज्याच्या घरात आजारपण हाय, तो येतो आन् वेदीची कडी वाजवतो. फादर जेवत असू दे न्हाईतर झोपलेला, उठावंच लागतं. भर दुपारी बी.