साहेबांचा फोन

आंबेवाडीच्या बचत गटातल्या बावीस बायकांना एकाच कंपनीचं स्वस्तातलं प्रीपेड सिम घ्यायचं होतं. कंपनी ठरवायचं काम यमुनाबाई लोहकऱ्यांकडे होतं. मागचं सिम घेऊन बाया पस्तावल्या होत्या. माहेरी दोन शब्द बोलायचे तर खिंड चढावी लागायची.

नव्या कंपनीचे सोनटक्के साहेब आले ते छाती पुढे काढूनच. शाळेच्या ओसरीवर बसताच त्यांनी आपल्या कंपनीचं सिम घातलेला फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मुद्दाम मोठा केला.

"मधेच उठावं लागलं तर राग मानू नका. माझ्यावाचून कंपनीत पान हलत नाही. पाच मिनिटं हा फोन गप्प बसत नाही!"

मग साहेब तासभर बोलले. सगळ्यांत स्वस्त रिचार्ज, दऱ्याखोऱ्यांत फुल्ल रेंज! बाया माना डोलवत होत्या. यमुनाबाई मात्र फोनकडे टक लावून बसल्या होत्या.

"काय मावशी, घ्यायची ना बावीस सिमं?"

"घेऊ की. फक्त एक सांगा, साहेब. तासभरात तुमचा फोन एकदाही वाजला नाही. म्हणजे एक तर इथं रेंज नाही, नाहीतर तुम्हाला कंपनीत कुणी विचारत नाही. यातलं खरं कोणतं?"

ओसरीवर खसखस पिकली. आपल्याला कुणी विचारत नाही म्हणजे काय! साहेब ताडकन उठले आणि टेबलावर हात आपटून ओरडले,

"अहो, रेंजच नाही इथं!"

यमुनाबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला.

"मग प्या निवांत. कुणाचा फोन यायचा नाही."