मैनाच्या केसांची गाठ

लहानथोरांनो, फार फार पूर्वी नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. त्या गावात रंगोजी नावाचा नक्षा बांधणारा राहत असे.

नक्षा बांधणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. मागावर शेकडो दोरे टांगलेले असत. कोणता दोरा कधी वर उचलायचा, हे रंगोजी गाठी मारून ठरवी. विणकर दोरी ओढी आणि कापडावर मोर उमटे. एक गाठ चुकली, की मोराची मान मोडे.

एके वर्षी राजाने राजकन्येच्या लग्नासाठी शंभर मोरांचा पडदा मागवला. मुदत एक महिना. रंगोजीला न विचारताच गावाने मान डोलावली.

रंगोजी मागापाशी बसला तो उठेचना. ताट आलं तसं परत जाऊ लागलं. विणकर सारखे डोकावून विचारत, "झाला का नक्षा?" तो म्हणे, "होतोय, होतोय."

पंधराव्या दिवशी पहिला मोर विणून पाहिला. त्याला दोन चोची होत्या. रंगोजीने वीस गाठी सोडून पुन्हा मारल्या. आता मोराला चोचच उरली नाही.

"अहो, दोन घास खा, जरा पडा," त्याची बायको येसू म्हणाली.

"चूक सापडू दे, मग झोपेन."

"डोळे लालभडक झालेत. दिसतंय तरी का काही?"

"तू मध्ये बोलतेस म्हणून दिसत नाही!" तो खेकसला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. येसू ताट उचलून निघून गेली.

दुपारी त्यांची सात वर्षांची मैना नाहून आली. ओले केस मोकळे सोडून बापाशेजारी आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. रंगोजी गाठी मारत राहिला.

"ओढू का?" मागावरच्या विणकराने विचारलं.

"ओढ."

विणकराने दोरी ओढली आणि किंकाळी उठली.

दोऱ्यांबरोबर मैनाचं डोकं वर खेचलं गेलं होतं. तिच्या केसांची बट दोऱ्यांत बांधलेली होती. एका ओळीत, नीटस, अकरा गाठी. पोर तडफडत होती, आणि बाप तिचं डोकं दाबून म्हणत होता, "हलू नकोस, गाठ सुटेल!"

विणकराने केस कापले. बटेच्या मुळाशी रक्त आलं होतं. तेव्हा कुठे रंगोजीने खाली पाहिलं. कोण रडतंय, हे समजायलाही त्याला क्षण लागला. मग तो स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

गाव धावत आलं. येसूने पोरीला उराशी धरलं आणि ती नवऱ्यापासून चार पावलं मागे सरली.

शेवटी गावातली सगळ्यात जुनी विणकर, भागूबाई, बोलली, "यात याच्या एकट्याचेच हात नाहीत. रोज येऊन 'झालं का, झालं का' आपणच विचारत होतो. माग थांबवा. रंगोजी, तू घरी जा. राजाला मी सांगते."

रंगोजी दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी नदीवर न्हाऊन, पोटभर जेवून तो मागापाशी आला. पहिल्याच ओळीत एक गाठ जास्त होती. ती त्याला उभ्या उभ्या दिसली.

तिकडे राजाने भागूबाईचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "महिना पुरणार नव्हता, तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

आणि त्याने मुदत वाढवून दिली.

लग्न पडद्याविना लागलं. पडदा दोन महिन्यांनी पुरा झाला. मैना मात्र बाप दिसला की कितीतरी दिवस डोक्यावर हात ठेवून पळत असे, आणि ते पाहून रंगोजी दाराआड उभा राहून रडत असे. त्यानंतर त्या गावाने नक्षा बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणाचीही मुदत कबूल केली नाही. ऊन डोक्यावर आलं, की रंगोजी काम खाली ठेवून घरी जेवायला जाऊ लागला.

तात्पर्य: थकलेला हात चूक सोडवत नाही, नवी चूक बांधतो, म्हणून वेळेवर थांबणं हाही कामाचाच भाग आहे.