साबणाचा थेंब

एकदा एका प्रयोगशाळेत नव्या औषधांचे रेणू शोधणारे एक वृद्ध रसायनशास्त्रज्ञ काम करीत असत. त्यांचे अर्धे आयुष्य चंबू आणि बर्नरपाशी गेले, उरलेले संगणकापुढे. कुलपात किल्ली बसावी तसा कोणता रेणू रोगजंतूच्या प्रथिनात बसेल, हे तो रेणू तयार करण्याआधीच सांगणारी आज्ञावली त्यांनी स्वतः रचली होती. त्यामुळे ‘म्हाताऱ्याला संगणकाचे वावडे आहे’ असे म्हणण्याची सोय त्यांच्या शिष्यांना नव्हती.

त्यांची एक शिष्या हिवतापाच्या जंतूतील एका प्रथिनाला रोखणारा रेणू कित्येक वर्षे शोधत होती. संगणकाने लाखो रेणू चाळून एकाला पहिला क्रमांक दिला, आणि तिने खपून तो तयार केला. परीक्षा सोपी होती: नळीत प्रथिनासोबत रेणू सोडायचा. प्रथिन काम करू लागले की नळीतील द्रव पिवळा होई, थांबले की नितळ राही. तिच्या नळीतला द्रव नितळ राहिला, तेव्हा तिचा आनंद गगनात मावेना.

त्याच दुपारी एका औषध कारखान्याचे मालक यायचे होते. रेणू त्यांना पटला तर तो पुढील चाचण्यांसाठी जाणार होता आणि शोध तिच्या नावे लागणार होता. ती धावतच गुरूंकडे गेली. “सर, बसला! संगणकानं म्हटलं होतं अगदी तसाच!”

गुरूंनी नळी उजेडात धरून पाहिली. मग पातळ केलेल्या साबणाचा एक थेंब तीत सोडला. पाहता पाहता द्रव पिवळा झाला.

शिष्येचे डोळे भरून आले. “सर, हे काय केलंत? साबणानं सगळं नासलं ना!”

“नासलं असतं, तर पिवळं कोणी केलं?”

तिच्या लक्षात आले. प्रथिन बिघडले नव्हते. उलट ते सुटून पुन्हा कामाला लागले होते.

“बैस,” गुरू म्हणाले. “संगणकात तुझा रेणू एकटा असतो. समोर एक कुलूप, तिसरं कोणी नाही. नळीत मात्र त्याचे असंख्य भाऊबंद असतात. पाण्याशी त्यांचं पटत नाही, म्हणून ते एकमेकांना बिलगून गोळे करतात आणि प्रथिन त्या गोळ्यांना चिकटून अडकतं. किल्ली कुलपात बसलीच नव्हती गं. दारापुढे गर्दी झाली, म्हणून दार उघडत नव्हतं. साबणानं गर्दी पांगवली, एवढंच. उत्तर आपल्या मनासारखं आलं ना, की त्याच दिवशी त्याला साबण लावून पाहावा.”

शिष्या नळीकडे पाहत बसली. वाईट तर फारच वाटत होते, पण थोड्या वेळाने तिच्या कपाळावर वेगळीच आठी पडली.

“सर, पण हे बिलगतात कशानं? रेणूच्या या तेलकट टोकामुळे? ते टोकच छाटलं तर?”

गुरूंनी हसून आपली खुर्ची तिच्यासाठी संगणकासमोर सरकवली.

दुपारी मालक आले. तिने त्यांच्यादेखत तशाच दुसऱ्या नळीत साबण सोडला आणि घडले ते सांगितले. मालक वैतागले. “मग आम्हाला बोलावलंत कशाला? रिकाम्या हातानंच परत जायचं का?”

“तुम्ही आज जाल, साहेब,” ती म्हणाली. “हा रेणू पुढे गेला असता, तर उद्या तापानं फणफणलेली माणसं आपल्या दारातून रिकाम्या हातानं गेली असती.” मालक निदान चहा पिऊन गेले.

पुढे तिने ते टोक छाटून नवा रेणू घडवला. संगणकाने त्याला बऱ्याच खालचा क्रमांक दिला होता. नळीतला द्रव या वेळी नितळ राहिला नाही, फिकट पिवळा झाला आणि तिथेच थांबला. गुरूंना हाक मारण्याआधी तिने स्वतःच साबणाचा थेंब सोडला आणि श्वास रोखून पाहत राहिली. रंग जराही बदलला नाही. थोडी का होईना, किल्ली या वेळी खरोखर कुलपात बसली होती.

आपणही आपले एखादे लाडके मत असे एकदा धुऊन पाहायला हरकत नाही.