मिस्त्रीचा चहा सांडला

गाड्यांचे पार्ट आपापसात गप्पा मारायचे, तेव्हाची गोष्ट. गुलाब मिस्त्रीच्या गॅरेजात एक जुनी निळी मोटार होती. चाळीसच्या पुढं पळाली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची.

पोटाखालचा लांब शाफ्ट सगळ्यात जास्त हलायचा, म्हणून सगळे त्यालाच बोलायचे. "नाचऱ्या, तुझ्यापायी झोप नाही," इंजिन गुरगुरायचं. मिस्त्रीनंही ठरवलं, चहा झाला की शाफ्ट काढून भंगारात द्यायचा.

खरं ठाऊक होतं ते इंजिनाखालच्या डाव्या रबराला. वीस वर्षं इंजिन डोक्यावर घेऊन ते पार दबलं होतं. त्यामुळं इंजिन तिरकं बसायचं आणि शाफ्ट वेडावाकडा फिरायचा. पण मिस्त्री जवळ आला की रबर पोट आत ओढून ताठ उभं राहायचं.

दुपारी उन्हात धूळ तरंगत होती. शाफ्ट हळूच म्हणाला, "रबरदादा, निघतो मी. आपण का हलतो, ते शेवटपर्यंत कळलंच नाही बघ."

रबराला ते सोसवेना. मिस्त्रीनं नेहमीसारखा चहाचा ग्लास इंजिनावर ठेवला, तसा त्यानं इतक्या वर्षांचा धरलेला श्वास सोडला. ग्लास झोपेत चालल्यासारखा डावीकडं घसरला आणि मिस्त्रीच्या पायावर सांडला.

"आयला," मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "इंजिनच वाकडं बसलंय की. शाफ्ट बिचारा काय करणार?"

नवं रबर बसलं आणि निळी गाडी पाण्यावरून तरंगल्यासारखी गेली. जुनं रबर मिस्त्रीच्या डुगडुगत्या स्टुलाखाली गेलं. तिथं ते पोटबीट आत ओढत नाही. मिस्त्री जड झाला की सरळ कुरकुरतं.