कडुनिंबाखालची सुनावणी

नगरपालिकेच्या बागेतला जुना कडुनिंब रंगीत कारंज्याच्या आड येत होता, म्हणून तो तोडायचं ठरलं. खोडावर नोटीस चिकटली. लोकांच्या हरकती ऐकायला सभापती रणपिसे वैशाखातल्या भर दुपारी बागेत आले आणि खुर्ची मांडायला लावली ती नेमकी त्याच झाडाखाली.

"एका झाडाच्या बदल्यात दहा लावलीत," पलीकडच्या वीतभर रोपांकडे बोट दाखवत ते गुरगुरले. "तरीही कुणाला पोटशूळ उठला असेल तर बोला."

बावीस वर्षं या बागेत राबलेल्या इंदू माळिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच रोपांसाठी पाण्याचा टँकर मागून मागून तिची जीभ झिजली होती. पण तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब, मग सुनावणी तिकडंच घ्या की. इथं एकाच झाडाची सावली, तिकडं दहांची."

जमलेली माणसं हसली. रणपिसे इरेला पेटले. स्वतः खुर्ची उचलून तरातरा गेले आणि रोपांच्या मधोमध बसले. पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटला. दहाव्या मिनिटाला ते उठले आणि रुमालानं टक्कल पुसत मुकाट कडुनिंबाखाली परतले.

इंदू हसली नाही. हरकतींची वही घेऊन बसलेल्या कारकुनाकडं ती वळली.

"भाऊसाहेब, लिहून घ्या. पहिली हरकत सभापतींची. तोंडानं नाही, पायानं नोंदवलीय."