बिरू आणि गाडीची नजर

एका गावात एक भोळा बिरू होता. तो दस्तगीरमामांच्या गॅरेजात कामाला लागला.

मामा म्हणाले, "टक्कर झाली की आधी स्कॅन. वरून ठीक दिसलं तरी आत काय बिघडलंय ते मशीन सांगतं."

दुपारी मामींचं डोकं शटरला आपटलं. बिरू मशीन घेऊन धावला आणि वायर कुठे जोडू, असं अदबीनं विचारू लागला. मामांनी कपाळाला हात लावला. टक्कर झाली की पाणी द्यावं, हळद लावावी, एवढंही कळत नाही का, असं म्हणाले.

"आता कळलं," बिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कमळाक्कांची नवी गाडी आली. खांबाला धडकली होती. संध्याकाळी अक्कांच्या मुलाचं लग्न, आणि नवरदेव याच गाडीतून मांडवात जायचा होता. बिरूनं बंपरला हळद लावली.

"मामा," अक्का म्हणाल्या, "हळद नवऱ्याला लावायची असते."

मामांनी बंपर बदलला. मग समजावलं, की या गाडीला डोळे आहेत, समोर काही आलं की ती आपोआप ब्रेक मारते, पण धडकेनं तिची नजर बिघडलीय. ती नजर सरळ करायचा फळा आणायला ते आत गेले. तेवढ्यात बिरूनं मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या आणि गाडीची दृष्ट काढली. मामा खोकतच बाहेर आले.

त्यांनी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा मोजून गाडीपुढे उभा केला, मशीन लावलं आणि बजावलं, "नजर सरळ राहायची तर फळा एवढ्याच अंतरावर हवा. आज काही वाकडं झालं, तर उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस."

नजर सरळ झाली. नवरदेव बसला, बँड वाजला, गाडी हातभर गेली आणि थांबली. पुन्हा हातभर, पुन्हा थांबली. बिरू फळा छातीशी धरून गाडीपुढे उलटा चालत होता.

"बाजूला हो रे मुडद्या, मुहूर्त टळतोय."

"नजर वाकडी होईल, अक्का."

शेवटी नवरदेव उतरला आणि मुंडावळ्या सावरत मांडवापर्यंत पळाला.

सकाळी बिरू कामावर आला. तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून तोंडापुढे फळा बांधून आला. दारातच कुणावर तरी आदळला. ते मामा होते. ते आडवे झाले.

"टक्कर झाली," फळ्यामागून बिरू म्हणाला. "पण दिसत नाही. गाडी आहे की माणूस?"

मामा उताणेच हातपाय झाडू लागले.

"असू दे, दोन्ही करतो," बिरू म्हणाला. त्यानं मामांना चांगली मूठभर हळद फासली आणि मशीनची वायर त्यांच्या नाकात खुपसली.